कथास्पर्धेसाठी विषय शोधू नकोस, देणंघेणं शोध

परळीकडच्या एका तरुणाचा प्रश्न आलाय. म्हणतोय, ताई, कथास्पर्धेची जाहिरात बघितली, दोन हजार शब्दांची मर्यादा आहे, यंदा मला नंबर आणायचाच आहे पण विषयच सुचत नाही, दुष्काळ न् आत्महत्या सोडून आपल्याकडं लिहायला आहे काय, आणि प्रेरणा प्रेरणा म्हणतात ती आणायची कुठून. शिवाय त्या स्पर्धेच्या नियमात लिहिलंय की कथेचे सर्व हक्क आयोजकांकडं राहतील, तर पाठवू का नको.

तू ताई म्हणालास म्हणून मी सरळ तू म्हणते. बरीच वर्षं कथा लिहितेय, दिवाळी अंकांत छापून येतात, स्पर्धांमधे बक्षिसं मिळालीत, आणि आता परीक्षक म्हणून गठ्ठे वाचायलाही घरी येतात. दोन्ही बाजूंनी जे दिसलं ते सांगते, थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे विषय शोधणं बंद कर. गठ्ठ्यातल्या प्रत्येक कथेला विषय असतोच, दुष्काळ असतो, कर्ज असतं, ऊसतोड असते, म्हातारे आईबाप आणि पुण्याला गेलेला मुलगा असतो. हे विषय वाईट नाहीत, आपलं जगणंच ते आहे, पण विषय म्हणजे कथा नव्हे. 'शेतमालाला भाव नाही' ही बातमी झाली. कथा तिथं सुरू होते जिथं दोन माणसांच्या मधे काहीतरी देणंघेणं असतं आणि ते सरळ होत नाही. पैशाचंच पाहिजे असं काही नाही, दिलेला शब्द असतो, उपकार असतो, माफी मागायची राहून गेलेली असते, भाऊवाटणीत बांधावरचं एक लिंबाचं झाड कुणाच्याच वाट्याला लिहिलेलं नसतं. आणि आपल्या मराठवाड्यात तर बघ, सगळं जगणंच देणंघेण्यानं बांधलेलंय, आडत्याची उचल, मुकादमाची उचल, सालगड्याचं साल, बटईचा हिस्सा, लग्नातली आहेराची वही. ती आहेराची वही घे हातात एकदा. कुणी कोणत्या साली टावेल-टोपी केली, कुणी 51 रुपये लावले, कुणाच्या नावापुढं काहीच नाही आणि तरी त्याला आपण पुढच्या लग्नात भरपेट आहेर केलाय, का केला? या 'का' ला मी प्रेरणा म्हणते. ती कुठून आणावी लागत नाही, घरातल्या कपाटात पडलेली असते.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. सोयाबीनचा भाव हाच विषय घे. 2025-26 चा हमीभाव 5328 रुपये क्विंटल, मोंढ्यात सौदा बऱ्याचदा त्याच्या खाली होतो, हमीभावाच्या खरेदीला ओलावा 12 टक्क्यांच्या आत असण्याची अट असते, हे सगळं पेपरात येतं. यावर तू लिहायला बसलास तर तीन पानांत भाषण होईल, शेवटी बाप झाडाकडं बघेल आणि परीक्षक पुढची कथा उचलेल. त्यापेक्षा मोंढ्यात जाऊन एक सकाळ नुसता उभा राहा. आडत्याचा माणूस पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढतो, मशीनमधे टाकतो, आकडा येतो 16. शेतकरी मशीनकडं बघतच नाही, तो एक दाणा दाताखाली धरतो, कट्ट करून फुटला म्हणजे माल वाळला, त्याच्या बापापासून हेच चालत आलंय. त्याच्या दातानं वाळलाय आणि मशीननं वाळलेला नाही. सौदा होतो, हिशोबाची पट्टी होते, हमाली तोलाई कापून वरून मागची उचल वळती करून जे उरलं ते खिशात येतं. संध्याकाळी संभाजीनगरला नर्सिंग करणाऱ्या पोरीचा फोन येतो, दादा काय भाव लागला, आणि तो पाचशे रुपये वाढवून सांगतो.

झालं. विषय मागं राहिला आणि कथा पुढं आली, कारण आता बाप आणि पोरीच्या मधे एक खोटं उभं राहिलं.

आता ही सुरू कुठं करायची? पेरणीपासून केलीस तर पाचसहाशे शब्द पाऊस बघण्यातच जातील. मी असते तर दिवाळीला घरी आलेली पोरगी धुण्यासाठी बापाचा सदरा उचलते तिथून सुरू केली असती. खिशात पट्टी आहे, चार घड्या घातलेली, घामानं मऊ झालेली. पट्टीवर भाव 3900, फोनवर सांगितलेला 4400. इथं शंभरातले नव्वद लेखक, म्हणजे जवळजवळ सगळेच, पोरीला रडवतात, तसं करू नकोस. ती पट्टी परत तशीच घडी घालून धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात ठेवते आणि रात्री जेवताना म्हणते, "दादा, हॉस्टेलची फी जानेवारीत भरली तरी चालतंय म्हणलेत." फी याच महिन्यात भरायची आहे हे वाचकाला आधी कुठंतरी एका ओळीत, जाता जाता, कळलेलं असलं पाहिजे, मैत्रिणीच्या मेसेजमधून वगैरे. म्हणजे बापाचं खोटं पोरीनं खोट्यानंच फेडलं. बापाला कळलं का नाही ते तू ठरव, मी त्याला भाकरी मोडता मोडता "बरंय की मग" एवढंच बोलू दिलं असतं आणि थांबले असते. बघ, हमीभावावर एक वाक्य नाही, सरकारवर एक शिवी नाही, आणि तरी वाचणाऱ्याला त्या पाचशे रुपयांचं ओझं कळतं. हे उदाहरण मी आता उघड्यावर मांडलंय त्यामुळं ते घेऊ नकोस, पण रीत घे.

हीच रीत मोठ्या घटनेला पण लागू पडते. लातूरला 2016 च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, तेव्हापासून रेल्वेवरच्या कथा मी वाचतेय, सगळ्यांत गाडी येते, गर्दी होते, म्हातारी डोळे पुसते. पण टंचाईत तहसीलवाले खाजगी बोअर अधिग्रहित करतात, आणि ज्याची बोअर घेतली त्याच्या दारात आता भावकीतली ती बाई घागर घेऊन उभी राहणार जिच्याशी दहा वर्षं बोलणं बंद आहे, तिला नंबर कितवा द्यायचा? ही कथा मला अजून कुणी पाठवलेली नाही. किल्लारीच्या भूकंपाचं तसंच, 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, पडलेली दगडमातीची घरं, ढिगारे, यावर खूप लिहून झालंय आणि काही फार चांगलं लिहून झालंय. पण शेजारणीकडनं एका लग्नापुरतं घालायला आणलेलं गंठन, आणि तिच्या घरातलं त्या पहाटे कुणीच उरलं नाही, तर ते गंठन आता द्यायचं कुणाला, आणि पुनर्वसनाच्या गावात ते कपाटात ठेवून आणणारी बाई तीस वर्षं कशी झोपते. ऊसतोडीवर लिहायचं तर 2019 ला बीडच्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी देशभर गाजली तेच पुन्हा लिहिण्यापेक्षा हिशोबात शिर. नवराबायको मिळून एक कोयता, जानेवारी 2024 ला ठरलेला दर टनाला 366 रुपये, उचल दोघांच्या जिवावर आणि अंगठा मात्र एकट्या नवऱ्याचा. ऐन हंगामात बायको आजारी पडली, मुकादम म्हणतो बदली माणूस आणा नाहीतर उचल परत करा, आणि बदली येऊ शकणारी एकच आहे, बायकोची बारावीला बसलेली धाकटी बहीण. फोन कोण लावणार? तिथं कथा आहे.

आता हे सुचतं कसं, तर कानानं. डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला येतात असा माझा अनुभव आहे. एसटी स्टँड, सेतू केंद्राची रांग, सरकारी दवाखान्याचा व्हरांडा, आरओच्या पाण्याचा प्लांट, दहाव्याला नदीवर कावळा शिवायची वाट बघत बसलेली माणसं, लातूरला क्लासच्या खाली दुपारी डबे घेऊन थांबलेले आईबाप. मार्च 2023 ला एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून तर बायका एकट्यादुकट्या किती फिरायला लागल्या, माहेरला, दवाखान्याला, नुसत्या मैत्रिणीकडं, आणि शेजारच्या अनोळखी बाईशी त्या जे बोलतात ते घरात कधी बोलणार नाहीत. अंबाजोगाईच्या गाडीत एकदा एक म्हातारे गृहस्थ कंडक्टरला हळूच म्हणाले, "त्या पुढच्या शिटावरच्यांचं बी तिकीट काढा, पण माझं नाव सांगू नका." पुढच्या सीटवर त्यांच्याच वयाचा माणूस होता, तोंडावळा सेम टू सेम. मी काही विचारलं नाही, ते वाक्य मोबाईलमधे तेवढं लिहून घेतलं.

एवढंच कर. वाक्य जसंच्या तसं लिहून ठेव, त्यावर तुझा विचार लिहू नकोस. 'आज बसमध्ये माणुसकीचं दर्शन झालं' असं लिहून ठेवलंस तर महिन्यानं त्यातनं काही निघत नाही, 'पण माझं नाव सांगू नका' यातनं निघतं. वही नसली तर मोबाईलवर मराठीत बोलून टाईप होतं आता, पण लगेच, घरी जाईपर्यंत वाक्य बदलतं आणि आपण ते नकळत पुस्तकी करून टाकतो. आणि मग आठवड्यातून एकदा बसून त्यातल्या दोन नोंदी एकमेकींना भिडवून बघ, मला जास्त कथा अशाच सापडल्या, एकाच घटनेतून क्वचित.

एक मात्र हात जोडून सांगते. गावातल्या खऱ्या आत्महत्येवर, खऱ्या पळून गेलेल्या पोरीवर नाव बदलून कथा लिहू नकोस. गाव लहान असतं, नाव बदललं तरी घर ओळखू येतं, आणि त्या घरातल्या बाईनं तुझी कथा व्हॉट्सॲपवर वाचली तर तिच्यावर काय येईल याचा आधी विचार कर. घटना घ्यायचीच तर तिच्यातलं नातं घे, बाकी सगळं बदल, वय, काम, गाव, शेवट. खऱ्या दुःखाला जपलं पाहिजे, बक्षीस दुसऱ्या कथेला पण मिळतं.

भाषेचं. आपली बोली वापर, बिनधास्त वापर, पण एकाच ठिकाणची वापर. नांदेड-परभणीकडचा 'कामून' आणि लातूर-धाराशिवकडचा 'करलालाव' एकाच माणसाच्या तोंडात घातलास की आपल्याकडच्या वाचकाला लगेच कळतं की हे कुणी ऐकलेलं नाही, बसून रचलंय. संवाद बोलीत आणि निवेदन साधं ठेवलं तर वाचणाऱ्याला दम लागत नाही. दस्ती, गुत्तेदार, मोंढा हे शब्द कंसात अर्थ न देता लिही, वाक्यातनं कळतात. पुण्यामुंबईच्या परीक्षकाला समजेल का ही भीती काढून टाक, आसाराम लोमटे परभणी जिल्ह्यातले, 'आलोक' हा त्यांचा कथासंग्रह, आणि 2016 चा साहित्य अकादमी त्यालाच मिळाला.

आता स्पर्धेचं म्हणून जे वेगळं असतं ते. दोन हजार शब्दांत एक दिवस मावतो, फार तर दोन, आणि माणसं तीन. अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पोनं 1842 मधेच लिहून ठेवलंय की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा परिणाम एकच असावा, स्पर्धेच्या कथेला हे अगदी तंतोतंत लागू आहे, कारण परीक्षक एका बैठकीत तुझी एकटीच नाही, बऱ्याच कथा वाचत असतो. त्यामुळं पहिल्या पानावर कुणाला तरी काहीतरी हवं असलं पाहिजे, आजच हवं असलं पाहिजे. उगवता सूर्य, पक्ष्यांचा किलबिलाट, कुशीवर वळून अलार्म बंद करणारा नायक, यांच्यावर पहिला परिच्छेद घालवू नकोस. मी तर लिहून झालं की पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचते, बऱ्याचदा कथा तिथूनच सुरू झालेली असते, मग पहिला कापते.

शेवटाला माणूस मारू नकोस. मरण हे लिहायला सगळ्यात सोपं असतं आणि गठ्ठ्यातल्या कितीतरी कथा झाडाला नाहीतर विहिरीत संपतात, दहावी तशी कथा वाचताना परीक्षकाचं मन दगड झालेलं असतं, त्यात त्याचा दोष नाही. तसंच ते सगळं स्वप्न होतं, नाहीतर शेवटच्या ओळीत पत्र सापडलं, नाहीतर लेखक स्वतः पुढं येऊन समाजाला चार शब्द सुनावतोय, हे तिन्ही टाळ. देणंघेणं फिटलं, किंवा आता कधीच फिटणार नाही हे कळलं, की कथा संपली. तिथं थांबायला धाडस लागतं कारण आपल्याला वाटतं वाचकाला समजलं नसेल. समजतं.

आणि हल्ली एआयकडनं लिहून घेतलेल्या कथा येतात त्याबद्दल पण सांगते, कारण तुलाही तो मोह होईल. शुद्धलेखन चोख, वाक्यं गुळगुळीत, पण गाव कुठलंही, शेत कुठलंही, आई सारखीच. तुझ्याकडं जे आहे, घामानं मऊ झालेली पट्टी, दाताखाली फुटलेला दाणा, ते त्या कथांत नसतं, आणि आम्ही परीक्षक एकमेकांशी बोलतो तेव्हा नेमकी असे तपशील असलेलीच कथा वर काढली जाते. पहिला नंबर बऱ्याचदा अशा तपशिलावर जातो, भाषेच्या सफाईवर कमी.

लिहून झाली की मोठ्यानं वाच, जमलं तर घरात कुणाला तरी वाचून दाखव, कंटाळून त्यांचा हात मोबाईलकडं कुठं गेला ती जागा पेन्सिलनं खूण कर. मग दोन आठवडे बघू नकोस. मग काप. म्हणजे शेवटच्या तारखेच्या निदान महिनाभर आधी पहिला खर्डा झाला पाहिजे.

नियम नीट वाच, यात भलेभले बाद होतात. कथेच्या फाईलवर नाव टाकू नका म्हणलं असेल तर फाईलच्या नावात पण तुझं नाव नको. युनिकोडमधेच टाईप कर, जुन्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती अक्षरांची खिचडी दिसते. वर्ड आणि पीडीएफ दोन्ही जोड. फेसबुकवर आधी टाकलेली कथा बऱ्याच ठिकाणी प्रकाशित धरतात, त्यामुळं स्पर्धेची कथा निकाल लागेपर्यंत कुठंच टाकू नकोस, स्टेटसला सुद्धा. एकच कथा दोन स्पर्धांना एकदम चालते का तेही बघून घे.

आता तुझा हक्कांचा प्रश्न, हा तू विचारलास ते फार बरं केलंस कारण कुणी विचारतच नाही. कथा लिहिली त्या क्षणापासून कॉपीराइट तुझा, त्याला कुठं नोंदणी करावी लागत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, तुझी किंवा तू अधिकार दिलेल्या माणसाची सही लागते, आणि त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. लेखक म्हणून तुझं नाव लागण्याचा हक्क तर हक्क विकल्यावरही तुझाच राहतो. म्हणजे जाहिरातीत एक ओळ छापली म्हणून कथा त्यांची झाली असं होत नाही, पण प्रवेशअर्जावर 'वरील सर्व अटी मान्य' खाली सही करून पाठवलीस तर पुढं वाद घालत बसावं लागेल. छोट्या बक्षिसासाठी सगळे हक्क देऊ नयेत हे माझं स्पष्ट मत आहे. उद्या तुझा संग्रह निघाला, त्या कथेवर कुणाला एकांकिका करायची झाली, तर तुझ्याच कथेसाठी तुला परवानगी मागायला जावं लागेल. स्पर्धेला खरी गरज असते ती एकदा छापायच्या हक्काची. प्रवेशशुल्काचं विचारलं नाहीस तरी सांगते, थोडंफार शुल्क असलं तर हरकत नाही, परीक्षकांचा, टपालाचा खर्च असतो, पण सगळ्याच स्पर्धकांना प्रमाणपत्र आणि निवड झालेल्यांनी संग्रहाच्या इतक्या प्रती विकत घ्यायच्या अशी अट दिसली तर तिकडं जाऊ नकोस.

तर आज त्यांना साधा मेल टाक, की मी स्पर्धेला कथा पाठवू इच्छितो, कथेच्या प्रथम प्रकाशनाचा हक्क आपल्याला देण्यास तयार आहे, बाकी हक्क माझ्याकडं राहतील, हे चालेल का कळवावं. चांगले आयोजक असतील तर हो म्हणतात. नाही म्हणले किंवा उत्तरच आलं नाही, तर ही कथा दिवाळी अंकाकडं पाठव, बरेच संपादक जून-जुलैपर्यंत कथा मागतात, आणि स्पर्धेला हक्क गेले तरी चालेल अशी दुसरी कथा लिही नाहीतर ती स्पर्धाच सोडून दे.